नवऱ्यावरचं शेवाळ

माझे यजमान व्हाळात रुजले त्याला आता बराच काळ झाला, पण त्यांच्यावर शेवाळ धरलं ते यंदाच. व्हाळ म्हणजे ओढा. आमचा व्हाळ डोंगरातून उड्या मारत निघतो खरा, पण वाडीशी पोचेपर्यंत दमतो, सपाटीला लागतो आणि मग खाडीपर्यंत रमतगमत जातो. त्या सपाटीवर, आमच्या मागच्या दारातून दिसेल अशा जागी ते उभे आहेत. वाडीत त्यांना धाकू म्हणतात. मी नाव घेत नाही, मी आपली 'हे' म्हणते.

रुजले ते स्वतःच्या स्वभावानं. भात कापून झालं की वाडी मिळून व्हाळाला बांध घालते, म्हणजे उन्हाळी पिकाला पाणी राहतं. कोणी दगड आणतं, कोणी माती, कोणी पेंढा, आणि मधला खांब धरायला एक माणूस लागतो. त्या वर्षी खांब यांच्या हातात दिला, 'धाकू, जरा धरून ठेव' म्हणून सांगितलं आणि बाकीचे दगड आणायला गेले. वाटेत तातू गुरवाकडे चहा झाला. चहावरून गोष्ट निघाली, गोष्टीवरून जुनं भांडण निघालं, आणि दगड राहिले बाजूला. माणसं परत आली तेव्हा खांब वाहून गेला होता आणि हे जागेवर होते. पाय वाळूत उतरलेले. धरून ठेव म्हटलं की हे धरून ठेवणार! लग्नात माझ्या मामानं यांच्या हातात नारळ दिला होता, तो वरात घरी येईपर्यंत यांनी सोडला नाही. जेवले ते एका हातानं.

मग हे हळूहळू लांब झाले. आधी हात, मग छाती, मग सगळंच. फितीसारखी लांब, अरुंद, हिरवीगार पानं झाली, पाण्याच्या ओढीनं खाडीकडे झुकलेली. मी रडले, खोटं कशाला सांगू? काठावर बसून पदर भिजेपर्यंत रडले. पण दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, पानांवर बारीक बुडबुडे धरले, एकेक सुटून वर आला, आणि फुटताना त्यातून यांचं बोलणं ऐकू आलं.

"वरच्या वाडीत कोणीतरी हळद धुतल्यानी," हे म्हणाले.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, असेल.

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्याशी एवढं बोलणं केलं नव्हतं. घरात होते तेव्हा 'वाढ', 'पुरे' आणि 'दिवा मालव' यावर आमचा संसार चालला होता. व्हाळात गेले आणि वाचा फुटली. पाण्यातून काय काय वाहत येतं ते सगळं सांगायचे. करंजाची फुलं गळायला लागली, म्हशी बसल्या, कोणीतरी पितळेची कळशी घासली आणि ती चिंचेनं घासली. मी दुपारचं जेवण आवरलं की साडी खोचून पाण्यात उतरायची, यांच्या खालच्या अंगाला उभी राहायची आणि पाठ चोळायची. पाठ म्हणजे आता पानांची बुंध्याकडची बाजू, पण मला बरोबर सापडायची. हे बोलायचे, मी ऐकायची. चोळून झालं तरी मी निघायची नाही. सुख म्हणतात ते हेच असावं, असं मला वाटायचं, आणि अजून वाटतं.

आता माणूस बोलतो म्हटल्यावर वाडी गप्प बसेल होय? एकेक जण यायला लागला. बांध कधी घालावा, म्हैस कुठं गेली असेल, मुलीला स्थळ आलंय ते कसं आहे. यांना ऐकू जायला पान हातात धरून बोलावं लागायचं, तर येणारा आधी पान धरायचा आणि मग बोलायचा. हे आपले पाण्याचंच सांगायचे, लोक त्यात आपलं उत्तर शोधायचे. जाताना लोक म्हणायचे, धाकू असा शहाणा आहे हे आधी माहीत नव्हतं. मी म्हणायची, मलाही.

सगळ्यांत जास्त यायची ती भागीआक्का, यांची थोरली बहीण. घरी करायला काही नाही, सुना हाताशी. सकाळी यायची, पान हातात घ्यायची आणि बसायची. चहा मी द्यायचा. जेवण मी द्यायचं. 'भाव माझो आसा,' म्हणायची, भाऊ तिचा, म्हणजे जणू मी कोणी भाड्यानं राहायला आलेली.

मग एकदा तिच्या नेहमीच्या दगडावर भागीआक्का दिसली नाही. यांच्या एका पानावर मात्र तपकिरी बुळबुळीत थर धरला होता, पेजेवर साय धरते तसा. मी वाकून हुंगलं. माक्याच्या तेलाचा वास आला. भागीआक्काच्या केसांचा.

मी अंगठा आणि दोन बोटं लावून पान पुसलं. थर सुटला आणि खाडीकडे गेला. संध्याकाळी भागीआक्का खाडीच्या वाटेनं चालत आली, नखशिखांत ओली, आणि ओसरीवर बसली.

"माका कित्याक पुसलंस गो?" तिनं विचारलं.

यांना ऊन लागत नव्हतं म्हणून, असं मी सांगितलं आणि चहा ठेवला. तिनं तो घेतला. दुसऱ्या दिवशी बघते तर परत पानावर.

तिचं बघून बाकीचेही बसायला लागले. त्यात लपवण्यासारखं काही कोणाला वाटलं नाही. बसून बोलण्यापेक्षा तिथंच राहून बोलणं सोयीचं, असं तातू गुरव म्हणाला, आणि तोसुद्धा घरी दिवाबत्ती करून एका पानाच्या कडेला येऊन राहायला लागला. कोणी तपकिरी, कोणी पोपटी, कोणी केसांसारखं लांब. मी पुसायची, ते खाडीला जायचे, चालत परत यायचे. पण परत येणारा माणूस थोडा कमी येतो, हे माझ्या लक्षात आलं. भागीआक्का एकदा एक खांदा नसताना आली आणि तिनं पदर त्या बाजूला ओढून घेतला. विचारलं तर म्हणाली, असेल कुठंतरी वाटेत, त्याचं एवढं काय. तशी ती नेहमीच वस्तू विसरणारी.

हसण्यावारी न्यायचं म्हटलं तरी एक गोष्ट हसण्याजोगी नव्हती. यांचे बुडबुडे कमी व्हायला लागले होते. पानाला ऊन पोचलं नाही तर बुडबुडा धरत नाही, आणि बुडबुडा नाही तर बोलणं नाही. आधी अख्खी दुपार बोलायचे ते दोन-चार वाक्यांवर आले. मग शब्दांवर. 'हळद' म्हणायचे आणि थांबायचे, पुढचं मला ताडावं लागायचं. खालच्या वाडीतली सोनाबाई अशीच रुजली होती, तिच्यावर शेवाळ दाटलं तेव्हा तिच्या माणसांनी म्हटलं, असू दे, हिरवं बरं दिसतंय. पुढं पानं पांढरी पडली आणि एका दुपारी ती मुळापासून सुटून खाडीला गेली. शेवाळ परत येतं. रुजलेलं माणूस सुटलं तर परत येत नाही. सोनाबाईचा नवरा अजून खाडीच्या वाटेकडे तोंड करून जेवतो.

मी शेतातून गोगलगाई आणल्या. हंडीभर आणून यांच्या बुंध्याशी सोडल्या. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, पण या बिचाऱ्या सरळ होत्या. हळूहळू वर चढायच्या आणि चरायच्या. माणसांना त्याचा त्रास नव्हता. तातूनं सांगितलं की गुदगुल्या होतात. ज्याला जितकं चरलं तितका तो आपसूक पातळ व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत भरायचा. पानांवर जरा उजेड दिसायला लागला, आणि मला वाटलं, चला, सुटले.

पण बुडबुडे काही वाढले नाहीत. मग मी नीट वाकून बघितलं. प्रत्येक पानावर बुंध्याच्या बाजूला एक गडद हिरवा पट्टा होता, बाकी सगळ्यांपेक्षा जाड, आणि गोगलगाई तिथपर्यंत येऊन वळसा घालून जात होत्या. मी त्यावर हात ठेवून बघितला. चार बोटं आणि अंगठा, सगळं जिथल्या तिथं बसलं. सगळ्या पानांवर तेच. चोळताना जिथं माझा हात पडायचा, तिथं मी होते.

मला मनातून आनंद झाला, हे सांगायला हवं. बांगड्या मनगटातून का उतरतात ते मला इतके दिवस कळत नव्हतं. भागीआक्का तर ओरडलीच होती, नवरा असताना हात मोकळे कसे म्हणून, तेव्हा मी त्या दोऱ्यानं बांधून घातल्या होत्या. चुलीशी बसले तरी बोटांना गार पाणी लागायचं. डाव्या पायाची करंगळी केव्हा गेली ते कळलंही नव्हतं. माझं बरंचसं आधीच तिकडं जाऊन राहिलं होतं आणि मी इकडं उगाच भाकऱ्या थापत होते. एवढी जवळ राहायला कोणाला मिळतं? मी कोणाला काही बोलले नाही, आणि पाठ चोळायला जायची ती जातच राहिले.

मग एक दिवस ऊन डोक्यावर आलं आणि एकही बुडबुडा आला नाही. मी पाण्याला कान लावून बसले. एका पानाचं टोक पांढरं पडलं होतं.

वाडी जमली. सगळे पानांवरून उतरून काठावर आले, ज्याचं जेवढं उरलं होतं तेवढं घेऊन. भार जास्त झालाय, कोणीतरी कायमचं उतरायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणी, ते म्हटल्यावर जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. अशा वेळी आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि आधी कुठली पडते ते बघायचं. तातू म्हणाला, प्रश्न धाकूच्या अंगाचा आहे, तर पाकळ्याही धाकूच्या अंगावरच लावू.

तो कमरेइतक्या पाण्यात उतरला. यांची पानं मुठीत एकत्र धरून पाण्याबाहेर काढली, जास्वंदीची एक पाकळी रस्त्याच्या बाजूला लावली, एक माडाच्या बाजूला, आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा व्हाळा म्हाराजा, ह्यो तुझो धाकू तुझ्या पदरात उभो आसा. त्येच्यार आमचो भार झालो आसा. उजवी पडली तर वाडी उतरतली, डावी पडली तर घर उतरतला. काय तां सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

घर म्हणजे मी. आमच्या घरात दुसरं कोण आहे?

रस्त्याच्या बाजूची पाकळी पडली. पाण्यावर पडली आणि गेली. सगळ्यांनी बघितलं, पण ती उजवी की डावी, हे कोणी ठरवलंच नव्हतं. कोणी म्हणालं, व्हाळाचं उजवं डोंगराकडून बघायचं. कोणी म्हणालं, खाडीकडून. तातूनं हात वर केला आणि गप्प केलं. देवाचा उजवा हात तो देवाचा स्वतःचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे, मग धाकूचंही तेच. तेव्हा धाकूचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेवढं बघा.

बघितलं तर पानं सगळी खाडीकडे झुकलेली. तोंडही खाडीकडेच असणार, असं सगळ्यांना वाटलं. म्हणजे पडली ती उजवी. इतके दिवस जाऊन-येऊन अर्धी झालेली माणसं, त्यांना कायमचं उतरायचं म्हणजे खाडीला जाऊन तिकडेच राहायचं. भागीआक्कानं उरलेल्या एका खांद्यावर पदर घट्ट केला आणि खाली बघत राहिली.

तातू माझ्याकडे वळला. रीत म्हणून वळला, उत्तर त्याला माहीतच होतं.

"वयनी, तुमी सांगा. ह्येचा तोंड खंय आसा?"

मला फक्त खाडीकडे मान हलवायची होती. वाडी गेली असती, दुपारी मी आणि हे. दुसऱ्या कोणाचा चहा करायला नको. पण वाडी उतरली असती तरी यांना ऊन मिळालं नसतं. जाड थर माझा होता. गोगलगाईंना ते कळलं होतं, आणि मलाही. मी मान हलवली असती तर येत्या एखाद्या दुपारी हे मुळातून सुटून गेले असते, आणि मी त्यांच्यावर हात ठेवून त्यांच्याबरोबर गेले असते. आणि खरं सांगायचं तर तेही मला चाललं असतं. यांना चाललं असतं की नाही, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. हा माणूस अजूनही वाळू धरून उभा होता.

"वर," मी म्हटलं. "पाणी येता थंय."

यांची पाठ चोळणारी मी एकटीच. पाठ खाडीकडे आहे हे माझ्याशिवाय कोणाला माहीत असणार?

म्हणजे पडली ती डावी. भागीआक्का उठून माझ्याजवळ आली, माझ्या हाताला धरलं आणि म्हणाली, "मी उतरतंय. तू रव."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तिला म्हटलं, आक्का, तू उरलीयस तरी किती, तुझ्या जाण्यानं बोटभर पान उघडं पडेल. तू रोज ये, पण थोडा वेळ बस आणि घरी जा. सगळ्यांनाच तसं सांग. चहा मागच्या पडवीत आहे, साखर वरच्या फळीवर.

मग मी दोरा सोडला, बांगड्या काढून तिच्या हातात दिल्या आणि पाण्यात उतरले.

पुसायला मी वरच्या पानापासून सुरुवात केली. पट्टा सुटायला कठीण होता, मी काही आज-काल बसलेली नव्हते. अंगठ्यानं जोर लावला तेव्हा कडेनं सुटला आणि लांब हिरवा धागा होऊन गेला. त्याबरोबर माझा डावा गुडघा गेला. दुखलं नाही. दुसरं पान पुसलं, तेव्हा कंबर हलकी झाली. मी घाई केली नाही. एकेक पान हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पुसलं, उन्हाकडे धरून बघितलं आणि सोडलं. तातू अजून पानं धरून उभा होता, त्याला मी म्हटलं, सोड आता, ते उभे राहतात, त्यांना सवय आहे.

मधल्या पानांशी डावा हात संपला. मग उजव्यानं केलं. शेवटच्या पानापर्यंत पोचले तेव्हा उजवाही राहिला नव्हता, तर ते पान मी गालानं पुसलं. गुळगुळीत होतं. व्हाळाच्या पाण्याला करंजाच्या फुलांचा वास येत होता. पान पुसून झालं आणि मी सुटले.

वाहत जाणं वाईट नसतं. आमचा व्हाळ सपाटीचा, कोणाला आपटत नाही. मी धाग्याधाग्यांनी पुढं निघाले, वळणापर्यंत गेले आणि तिथं केवड्याच्या मुळात अडकले. आत गच्च सावली होती. परत चालत जायला माझ्याकडे पाऊल उरलेलं नव्हतं, तर मी मुळाला एक वेढा घातला, मग दुसरा.

मागं यांच्यावर ऊन पडलं असणार. बुडबुड्यांचा आवाज वळणापर्यंत येत होता, सगळ्या पानांवरून एकदम सुटलेल्या. हे बोलायला लागले होते. वरच्या वाडीत लग्न आहे म्हणाले. म्हशी धुतल्या म्हणाले. पाणी आज गार आहे, डोंगरात कुठंतरी सावली वाढलीय म्हणाले. वाडी ऐकत असणार. मग हे थांबले.

मग एक बुडबुडा फुटला, आणि त्यातून माझं नाव आलं.

"शेवंती, आसस मा गो?"

सावलीत 'आहे' म्हणून उत्तर देता येत नाही. मी मुळाला घट्ट धरून राहिले. केवड्याच्या पानांमधून उन्हाचा एक तुकडा पाण्यावर पडला होता, आणि तो माझ्या दिशेनं सरकत होता.